श्टुटगार्टमध्ये घेण्यासाठी: १९८१ ची फियाट स्पायडर २००० की १९८८ ची आल्फा रोमिओ स्पायडर?

प्रश्न: नेकारकाठ (श्टुटगार्ट)

नमस्कार. मी गेली चौदा वर्षे श्टुटगार्टजवळ राहतो. उघड्या टपाची एक जुनी इटालियन गाडी घ्यावी ही इच्छा बराच काळ मनात होती आणि या हिवाळ्यात ती पूर्ण करण्याइतके पैसे साठले आहेत. दोन गाड्या पाहून आलो आहे, आणि दोन्ही आवडल्यामुळेच निर्णय होत नाही.

पहिली गाडी म्हणजे १९८१ ची फियाट स्पायडर २०००. इंजिन १९९५ सीसीचे असून त्याला बॉशचे इंजेक्शन आहे. ही गाडी मूळची अमेरिकेतली असून सहा वर्षांपूर्वी जर्मनीत आली. ती कॅलिफोर्नियात होती असे विक्रेता सांगतो, परंतु त्याचा लेखी पुरावा त्याच्याकडे नाही. लाल रंग नवा आहे, आतली आसने नव्याने शिवलेली आहेत आणि मागणी १४,८०० युरोची आहे. दुसरी गाडी १९८८ ची आल्फा रोमिओ स्पायडर २.०, म्हणजे मागे काळा रबरी स्पॉयलर असलेली तिसरी मालिका. तिला दोन कार्ब्युरेटर आहेत, रंग मूळचा करडा असून जागोजागी फिका पडला आहे, १९९६ पासूनची बिले एका फाइलमध्ये लावलेली आहेत, आणि मागणी १७,५०० युरोची आहे. इंजिन थंड असताना दुसरा गिअर टाकला की घर्रर्र असा आवाज येतो.

माझा कल फियाटकडे आहे आणि त्याचे कारण तांत्रिक नाही, हे आधीच सांगतो. सांगलीला आमच्या घरासमोर वडिलांची प्रीमियर ११८एनई उभी असे. ती फियाट १२४ च्या घराण्यातली होती हे पुष्कळ उशिरा कळले, आणि तेव्हापासून १२४ स्पायडरविषयी (स्पायडर २००० हे तिचेच नंतरचे रूप) एक ओढ आहे. शिवाय फियाटला मागे दोन लहान आसने आहेत. माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिघांनी मिळून ब्लॅक फॉरेस्टमध्ये जावे असे वाटते. वापर एप्रिल ते ऑक्टोबर, सुट्टीच्या दिवशी, एवढाच असेल. तेल, प्लग, फिल्टर मी स्वतः बदलू शकतो, त्यापुढचे काम गॅरेजकडे जाईल. दुरुस्तीसाठी ४,००० युरो वेगळे ठेवले आहेत. गाडी भारतात नेण्याचा विचार नाही. कोणती घ्यावी, आणि घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

उत्तर: इझारतीर (म्युनिक)

माझ्याकडे १९८५ ची आल्फा स्पायडर अकरा वर्षे आहे, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असणार हे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

दुसऱ्या गिअरच्या आवाजाने घाबरून जाऊ नका. या गिअरबॉक्सचा दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवणारी कडी) नाजूकच आहे आणि इतक्या वर्षांनंतर तो झिजलेला नसेल तरच आश्चर्य. तेल गरम होईपर्यंत पहिल्यावरून दुसऱ्यावर सावकाश जाणे, वरच्या गिअरवरून खालच्यावर येताना क्लच दोनदा दाबून मध्ये थोडी रेस देणे, ही सवय आठवडाभरात लागते. मात्र गाडी पूर्ण गरम झाल्यावरही आवाज येत असेल, किंवा ॲक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप बाहेर पडत असेल, तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि तो खर्च तुमच्या राखीव रकमेचा मोठा भाग घेईल. म्हणून चाचणी फेरी वीस मिनिटांची नव्हे, तर तासाभराची मागा.

इंजिनाबद्दल मला काळजी वाटत नाही. १९५४ च्या जुलिएत्ता स्प्रिंटपासून चालत आलेली ही रचना आहे: ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, वर व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट, आणि ते फिरवायला बेल्टऐवजी साखळी. याची दुखरी जागा म्हणजे हेड गॅसकेट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सीलबंद चकती. ती फुटली की तेल आणि पाणी एकमेकांत मिसळते. तेल टाकण्याचे झाकण उघडून आतून पाहा. मळकट साय जमलेली दिसली, किंवा कुलंटवर तेलाचा तवंग दिसला, तर किंमत कमी करून घेण्याच्या भानगडीत न पडता परत या.

गंजाकडे मात्र दोन्ही गाड्यांत सारख्याच कठोर नजरेने पाहावे लागेल. आल्फाच्या बाबतीत कापडी टपावरून उतरणारे पाणी आसनांमागच्या नळ्यांतून खाली जाते. त्या नळ्या पानांनी आणि धुळीने तुंबल्या की पाणी आतच साचते आणि दाराखालच्या पोकळ पेट्या आतून कुजू लागतात. गालिचा उचलून पायांखालचा पत्रा हाताने दाबून पाहा. तुमच्या मालिकेत आणखी एक जागा आहे, ती म्हणजे रबरी स्पॉयलरच्या खालचा पत्रा, जिथे ओल धरून राहते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. फिक्या पडलेल्या मूळ रंगाला कमी लेखू नका. तो रंग त्या पत्र्याबद्दल खरे सांगतो. नव्या चकचकीत लाल रंगाखाली काय आहे, हे आज तुम्हालाही ठाऊक नाही आणि कदाचित विक्रेत्यालाही नाही.

उत्तर: जुने_इंजिन (पुणे)

मी सत्तावीस वर्षे फियाट घराण्यातल्या गाड्यांचे काम केले. नंतर मुलाकडे इंग्लंडमध्ये असताना दोन १२४ स्पायडर पूर्ण उघडून पुन्हा उभ्या केल्या. त्या अनुभवावरून लिहितो.

आधी नात्याचा मुद्दा, कारण तो तुमच्या निर्णयात शिरला आहे. ११८एनई चा सांगाडा १२४ चा होता हे खरे, पण तिच्यात निसानचे ११७१ सीसीचे ए-१२ इंजिन होते. स्पायडरचे इंजिन त्याच्याशी कोणतेही नाते सांगत नाही. स्पायडरचा खालचा पाया १२४ सलूनवरूनच घेतला आहे, फक्त दोन चाकांमधले अंतर २४२ वरून २२८ सेंटिमीटरवर आणले आहे. म्हणजे वडिलांच्या गाडीची आठवण ती गाडी देईल, पण बॉनेट उघडल्यावर ओळखीचे काही दिसणार नाही.

आणि जे दिसेल ते अधिक चांगले आहे. हे इंजिन आउरेलिओ लाम्प्रेदी यांचे, ज्यांनी त्यापूर्वी फेरारीची मोठी व्ही-१२ इंजिने घडवली होती. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे, आणि दोन कॅमशाफ्ट दातेरी रबरी बेल्टवर फिरणारे. याच घराण्यातल्या इंजिनांनी पुढे फियाट १३१ अबार्थ आणि लान्सिया डेल्टाला रॅलीची जगज्जेतेपदे मिळवून दिली. बेल्ट म्हटले की लोक नाक मुरडतात, ते मला पटत नाही. बेल्ट स्वस्त आहे आणि तो बदलणे हे दिवसभराचे काम आहे. गाडी वर्षाला हजार किलोमीटर चालली तरी रबराचे वय वाढतच असते, म्हणून चार-पाच वर्षांनी तो बदलावाच. बदलल्याची तारीख लिहिलेले बिल नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे, कारण या इंजिनात तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. बदलताना दोन्ही कॅमशाफ्टच्या खुणांबरोबर खालच्या सहायक शाफ्टचीही खूण जुळवायला सांगा. अनोळखी मेकॅनिक ती हमखास विसरतो.

आता ज्या गोष्टीवर ही गाडी घ्यायची की सोडायची हे ठरते, ती सांगतो. बॉनेट उघडा आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या वर, जिथे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचा वरचा आधार येतो, ते दोन मनोरे पाहा. हा पत्रा दुहेरी आहे. चाकाने उडवलेला चिखल दोन थरांमध्ये शिरतो, तिथेच ओला राहतो आणि मनोरा आतून खाल्ला जातो. वरचा थर बराच काळ शाबूत दिसत राहतो. त्यामुळे केवळ वरून पाहून समाधान मानू नका. चाक काढून, खालून प्रकाश टाकून, बोथट पेचकसाने टोचून पाहा. लोहचुंबक कापडात गुंडाळून सगळीकडे फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. मनोऱ्यावर पत्र्याचा तुकडा वेल्ड करून वर काळे अंडरकोटिंग फासलेले दिसले, तर ती दुरुस्ती म्हणजे लपवाछपवी आहे. गाडीचे सारे पुढचे वजन त्या जागी टेकलेले असते.

मनोरे निरोगी असतील तर मी नव्या मालकाला फियाटच घ्यायला सांगेन. इंजेक्शनची गाडी सकाळी निमूट सुरू होते, आणि कापडी टप तर चालकाच्या जागेवरून एका हाताने उघडता येतो. त्या काळातल्या गाड्यांत इतका सोयीचा टप मी दुसरा पाहिलेला नाही. अमेरिकन गाडीची ताकद सुमारे १०२ अश्वशक्ती आणि आल्फाची १२८ च्या आसपास, हा फरक चढावर जाणवेल हे कबूल करतो.

मुलीबद्दल एक विनंती. त्या मागच्या जागेला आसन म्हणतात, पण पुढच्या माणसाने आसन मागे सरकवले की तिथे पाय ठेवायलाही जागा उरत नाही. मी माझ्या नातवाला तिथे बसवले नाही. पुढच्या आसनाला तीन जागी अडकणारा पट्टा आहे, तिथे उंचीचे आसन ठेवून तिला बसवावे आणि एका वेळी दोघांनीच जावे. हा मुद्दा फियाटच्या बाजूने मोजू नका.

उत्तर: पो_नदीकाठी (तुरिन)

मी तुरिनमध्ये वाहन-रचनेच्या क्षेत्रात काम करते, म्हणून वेगळ्या बाजूने थोडेसे. या दोन्ही गाड्यांचे पत्रे एकाच घरात, पिनिनफरीनाकडे, घडले आणि दोन्ही १९६६ साली जगासमोर आल्या: आल्फा जिनिव्हाच्या प्रदर्शनात, फियाट तुरिनच्या. आल्फा हे बात्तिस्ता पिनिनफरीना यांनी जातीने लक्ष घातलेल्या शेवटच्या कामांपैकी एक. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ते गेले. फियाटची रेषा टॉम यार्दा या अमेरिकेत जन्मलेल्या रचनाकाराची. फियाटचा आकार शेवटपर्यंत फारसा बदलला नाही. आल्फाची मूळची निमुळती, गोल शेपटी मात्र १९७० च्या सुमारास कापली गेली आणि १९८३ मध्ये त्यावर रबर आले. मला स्वतःला त्या रबराचे दुःख होते. पण तुमची गाडी उद्या त्याशिवाय कशी दिसेल या विचाराने ते काढू नका. जर्मनीत एच-नंबरप्लेटसाठी (जुन्या, ऐतिहासिक गाड्यांना मिळणारी खास पाटी) गाडी मूळ रूपात असणेच हिताचे ठरते.

कॅलिफोर्नियाचा पुरावा नाही असे तुम्ही लिहिले आहे. इथल्या फियाट आणि आल्फाच्या हेरिटेज विभागाकडे चासी क्रमांक देऊन उत्पत्तीचा दाखला मागता येतो. त्यावरून निर्मितीचा काळ आणि मूळ रंग समजू शकतो. गाडी अमेरिकेत कोणत्या राज्यात राहिली हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी तिथली जुनी मालकीची कागदपत्रेच लागतील. सहा वर्षांपूर्वी गाडी आयात झाली, तेव्हा ती कागदपत्रे सोबत आलीच असणार, म्हणून विक्रेत्याकडे आग्रहाने मागा. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यातली गाडी आणि कोरड्या राज्यातली गाडी, यांच्या किमतीत जो फरक असायला हवा तो केवळ तोंडी शब्दावर देऊ नये.

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

तिघांचेही मनापासून आभार. तपासणीसाठी दहा दिवस लागले, म्हणून उशिरा लिहितो आहे.

फियाट लिफ्टवर घेण्यास विक्रेता आधी राजी नव्हता, नंतर झाला. उजवा मनोरा चांगला निघाला. डाव्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा पत्रा वेल्ड केलेला होता आणि त्याच्या कडेला पेचकस टोचताच तो आत गेला. जुनी कागदपत्रे मागितल्यावर ती न्यू जर्सीची, म्हणजे हिवाळ्यात मीठ टाकणाऱ्या राज्याची, निघाली. त्याने तिथल्या तिथे तीन हजार कमी करण्याची तयारी दाखवली. मी अर्धा तास तिथेच गाडीत बसून राहिलो, हे लपवत नाही, कारण स्टिअरिंगमागे बसल्यावर समोर दिसणारे ते लांब बॉनेट मला अजूनही आल्फाहून अधिक आवडते. पण मनोरा नव्याने उभा करणे, त्यासाठी पुढचे सस्पेन्शन उतरवणे आणि पुन्हा रंगकाम, याचा गॅरेजने दिलेला अंदाज त्या सवलतीच्या दुपटीहून जास्त होता.

आल्फा तासभर चालवली. गरम झाल्यावर दुसरा गिअर शांत झाला. टपाच्या नळ्यांपैकी एक तुंबलेली होती, तिथे वरवरचा गंज आहे, भोक नाही. स्पॉयलरखाली मात्र दोन ठिकाणी फुगवटे आहेत. ते दाखवून १६,४०० वर सौदा ठरला आणि पुढच्या शनिवारी गाडी ताब्यात येईल. एप्रिल ते ऑक्टोबरची हंगामी एच-प्लेट घेणार आहे. त्या प्लेटचा वर्षाचा १९१ युरोचा ठराविक कर महिन्यांच्या प्रमाणात कमी होईल. १२४ चा विषय मी संपवलेला नाही. चांगल्या मनोऱ्यांची एखादी दिसली तर इथेच पुन्हा विचारीन.

ताब्यात घेतल्यावर सर्वांत आधी काय करावे?

जुने_इंजिन (पुणे)

अभिनंदन. चांगली गाडी घेतलीत, आणि वाईट फियाट सोडलीत.

आधी ब्रेक. ब्रेकचे द्रव नव्याने भरून घ्या आणि रबरी होज केव्हा बदलले ते त्या बिलांच्या फाइलमध्ये शोधा. नोंद सापडली नाही तर पहिल्या लांब फेरीच्या आधी सगळे बदला, कारण ते आतून फुगतात आणि बाहेरून धडधाकट दिसतात. नंतर इंजिन व गिअरबॉक्सचे तेल. गिअरबॉक्सच्या तेलाचा दर्जा मालकपुस्तिकेत दिला आहे, तोच ठेवा. जास्त निसरडे आधुनिक तेल भरले तर सिंक्रोला पकड मिळत नाही आणि दुसरा गिअर आणखी कुरकुरतो. पेट्रोलच्या नळ्या जुन्या असतील तर दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल त्यांना कडक करून भेगा पाडते, आणि दोन कार्ब्युरेटर गरम इंजिनाच्या अंगालाच लागून बसलेले आहेत. इथेनॉल चालेल अशा नव्या नळ्या बसेपर्यंत सुपर प्लस (कमी इथेनॉलचे पेट्रोल) भरत जा आणि गाडीत एक लहान अग्निशामक ठेवा.