कॅप्टनला बारा महिने नोटीस: हा नियम हवा की नको?

धावपट्टी_२७: मी एअरबस ए-३२० वर कॅप्टन आहे, मुंबई बेस. आखातातल्या एका विमान कंपनीकडून ऑफर आली आहे. मोठं विमान, लांब पल्ल्याची उड्डाणं, पगारावर प्राप्तिकर नाही. अडचण एकच. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१७ च्या नियमानुसार नोकरी सोडताना कॅप्टनला १२ महिने आणि फर्स्ट ऑफिसरला (को-पायलटला) ६ महिने नोटीस द्यावी लागते. समोरची कंपनी वर्षभर थांबायला तयार नाही. बँकेतला किंवा आयटीतला माणूस दोन-तीन महिन्यांत मोकळा होतो, मग आम्हालाच का बांधून ठेवायचं? हा नियम रद्द व्हावा असं माझं स्पष्ट मत आहे.

निवृत्त_कमांडर: मी याच्या पूर्ण विरोधात आहे. आयटीतल्या माणसाच्या जागी महिनाभरात दुसरा बसतो, कॅप्टनच्या जागी बसत नाही. कमर्शियल लायसन्सला २०० तास, मग टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता), सिम्युलेटर, लाइन ट्रेनिंग (प्रत्यक्ष उड्डाणांवरचं प्रशिक्षण). एटीपीएलसाठी, म्हणजे कॅप्टनला लागणाऱ्या लायसन्ससाठी, १५०० तास. त्यानंतर कमांड अपग्रेड (को-पायलटचा कॅप्टन होणं), आणि त्यातही सगळे पास होत नाहीत. एका कंपनीतून पन्नास कॅप्टन एकदम गेले तर विमानं जमिनीवर राहतात. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा विमानतळांवर लोकांचे काय हाल झाले ते आठवा. प्रवाशाने तिकीट काढलेलं असतं, त्याच्याही हक्काचा विचार करा.

धावपट्टी_२७: सर, ते उदाहरण उलट माझ्याच बाजूचं आहे. ती उड्डाणं वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांमुळे रद्द झाली, आणि ते नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्रीची लँडिंग ६ वरून २. तयारीला भरपूर वेळ होता. कंपनीने माणसं वेळेत वाढवली नाहीत, आणि शेवटी विश्रांतीच्या नियमातच तात्पुरती सूट द्यावी लागली. नोकरी सोडणाऱ्यांमुळे ते घडलं नाही. कंपनीला माहीत असतं की हा वर्षभर कुठे जाऊ शकत नाही, म्हणून रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) सुधारायची घाई कुणालाच नसते.

को_पायलट_नागपूर: +१. माझ्या ट्रेनिंगसाठी वडिलांनी शेत गहाण ठेवलं. हप्ते मी भरतोय, कंपनी नाही. मग माझ्या लायसन्सवर कंपनीचा हक्क कसला?

दुबईकर_वहिनी: नियमावर मला बोलायचं नाही, पण धागाकर्त्याला एक सांगते. माझे मिस्टर २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडल्यावर इकडे दुबईला आले. भारतात कॅप्टन होते, इथे पुन्हा उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलट म्हणून बसले, कारण सीनियॉरिटी सोबत येत नाही. तेही आम्ही स्वीकारलं. पण २०२० मध्ये कोविड आला आणि नोकरी गेली. इथे घर, मुलांची शाळा, व्हिसा सगळं नोकरीला बांधलेलं असतं. मुलीचं वर्ष अर्ध्यात सोडून पुण्याला परतावं लागलं. पुढे बोलावणं आलं, आम्ही पुन्हा आलो, आज बरं चाललंय. तरीही, ज्यांच्या घरी म्हातारे आईवडील आहेत त्यांनी आकडे बघून उडी मारू नये. आणि लांब पल्ला म्हणजे आराम, हा समज मनातून काढा. टाइम झोन बदलून बदलून झोपेचं पार वाटोळं होतं.

निवृत्त_कमांडर: वहिनींचा अनुभव मोलाचा आहे. को-पायलट, तुझं कर्जाचं म्हणणं मी मान्य करतो. पण कमांडचं ट्रेनिंग कंपनी तिच्या विमानावर, तिच्या खर्चाने देते. तो खर्च वसूल होईपर्यंत थांबायला काय हरकत आहे?

धावपट्टी_२७: त्यासाठी बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे ना सर! खर्चाचा हिशोब बाँडमध्ये होतो, आणि माझा बाँड संपला आहे. त्यावर सरकारी नियमाने आणखी एक वर्ष कशाला? सहा महिने ठेवा, मी आनंदाने पाळेन. वहिनी, आईबाबा नाशिकला भावाजवळ आहेत, त्यांच्याशी बोलणं झालंय. तुमच्याकडे शाळेच्या फीचा किती भाग कंपनी देते, तेवढं व्यनि करून सांगाल का?