फाईलवर "ए१" म्हणजे अबॉर्शन लिहिलंय, पण आम्ही तर केलंच नव्हतं

एरंडोलकर२७
मंडळी एक विचारायचं होतं. मिसेसला तिसरा महिना चालू आहे, परवा दवाखान्यात नाव नोंदवलं तर फाईलच्या पहिल्याच पानावर जी३ पी१ एल१ ए१ असं लिहून दिलं. मोठी मुलगी चार वर्षांची आहे, मधे एकदा दिवस गेले होते पण दहाव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोकेच नाही दिसले मग पिशवी साफ करावी लागली. आता आतेभाऊ मेडिकलवर कामाला, त्याने फाईल उचलली अन् आईसमोर मोठ्याने वाचलं, ए म्हणजे अबॉर्शन. झालं. आईच्या डोक्यात बसलं की सुनेने मुद्दाम पाडलं अन् आपल्यापासून लपवलं, दोन दिवस झाले धड बोलू नाही राहिली, मिसेस आतल्या खोलीत रडू राहिली. डॉक्टरांनी चुकून लिहिलं असेल का? खोडून घेता येईल का?

सिस्टर_धुळे
चूक काहीच नाही भाऊ, खोडायला लावू नका. जी म्हणजे ग्रॅव्हिडा, आत्ताची धरून एकूण किती वेळा दिवस राहिले ते, म्हणून ३. पी म्हणजे पॅरा, दिवस भरत आल्यावर किती बाळंतपणं झाली. एल म्हणजे हयात मुलं. अन् ए मधे लवकर संपलेली सगळी गरोदरपणं येतात, आपोआप पडलेलं असो, ठोके बंद झालेले असो, की गोळ्या घेऊन पाडलेलं असो, सगळ्याला एकच अक्षर. तुमच्या मिसेसचं जे झालं त्याला आमच्यात मिस्ड अबॉर्शन म्हणतात, बाळ आतल्या आत गेलेलं असतं पण बाहेर पडलेलं नसतं म्हणून क्युरेटिंग म्हणजे पिशवी साफ करतात किंवा गोळ्या देतात. स्वतःहून करून घेतलेलं असेल तर बहुतेक ठिकाणी वेगळं एमटीपी, म्हणजे डॉक्टरकडून करून घेतलेला गर्भपात, असं लिहितात. आणि आतेभावाला सांगा फाईल पेशंटची असते, ओट्यावर बसून वाचायचा पेपर नाही.

जुळ्यांची_आई
माझ्या कार्डावर दुसऱ्या वेळेला जी२ पी१ एल२ होतं, सासरे म्हणे एका बाळंतपणाला दोन मुलं कशी, हिशोब चुकला. जुळ्यांचं बाळंतपण एकच धरतात, मुलं मात्र दोन मोजतात. भुसावळला सिस्टरने समजावलं तेव्हा कुठे पटलं त्यांना.

जळगाव_एमबीबीएस
सिस्टर बरोबर सांगताय. थोडं अजून, पॅरा किती आठवड्यांपासून धरायचा यात २० की २८ असा फरक पुस्तकापुस्तकात सापडतो म्हणून दोन दवाखान्यांचे आकडे कधी जुळत नाहीत, घाबरू नका. थ्रेटन्ड अबॉर्शन लिहिलं तरी लोक हाय खातात, त्याचा अर्थ फक्त रक्त जातंय पण गर्भ अजून टिकून आहे, त्यातल्या बऱ्याच बायकांचं पुढे नीट होतं. नुसतं अबॉर्शन म्हटलं की बाईला लागतं हे डॉक्टरांच्याही लक्षात आलेलं आहे, १९८५ ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकामधे इंग्लंडच्या डॉक्टरांनी पत्रच लिहिलं होतं की आपोआप झालेल्याला मिसकॅरेज म्हणा. आपल्याकडे कॉलेजात अजून जुनाच शब्द शिकवतात, मीही तोच लिहितो, खरं सांगायचं तर घाईत हात तिकडेच जातो.

केळीवाला_रावेर
पण मग झालं कशाने? आमच्याकडे तर म्हणतात गाडीवर बसली, पपई खाल्ली.

जळगाव_एमबीबीएस
पहिल्या तीन महिन्यात जे पडतात त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा गर्भातल्या गुणसूत्रांतच गडबड असते, तिथे बाईने काही केलं नाही केलं तरी फरक पडत नाही. मोटारसायकलवर पारोळ्याला जाऊन आली म्हणून ठोके बंद नाही पडत.

अमळनेरना_भो
भो, आईले सोनोग्राफीना जुना कागद दखाड. तोंडी सांगून नाही पटायचं, आमच्या घरीबी असंच झालं होतं, कागदावर ठोके नाहीत असं डॉक्टरने लिहिलेलं दाखवलं अन् तारीखबी दाखवली, मग गप. नाहीतर पुढच्या तपासणीला आईलाच सोबत ने, डॉक्टर मॅडमने दोन मिनिटं सांगितलं की आपल्या दोन तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त पटतं. मिसेसला आधी विचारून घे मात्र, तिची तयारी पाहिजे.

एरंडोलकर२७
धन्यवाद सगळ्यांना. कागद सापडला, कपाटात होता, त्यावर कार्डियाक ऍक्टिव्हिटी नाही, म्हणजे ठोके नाहीत, असं लिहिलेलं आहे. संध्याकाळी आईला दाखवतो. तपासणी सोमवारी आहे, मिसेस म्हणे आईंना घेऊन चला, त्यांनाच ऐकू द्या.

सिस्टर_धुळे
छान. मिसेसचा ब्लड ग्रुप निगेटिव्ह तर नाही ना? निगेटिव्ह असेल तर मागच्या वेळी अँटी-डी चं इंजेक्शन (आईच्या रक्तात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ नये म्हणून देतात ते) दिलं होतं का ते सोमवारी नक्की सांगा. फाईलवरचा ए१ डॉक्टरला त्यासाठीही लागतो.

एरंडोलकर२७
बी पॉझिटिव्ह आहे ताई.

सिस्टर_धुळे
मग त्याची काळजी नाही. जुनी फाईल तरी घेऊन जा सोबत.