मदत हवी आहे: पासवर्ड बरोबर, तरी जुनी फाइल उघडेना

मंडळी, जरा घाईत आहे. २०१५ साली शेताचे फेरफार, खरेदीखत वगैरे स्कॅन करून एका टार फाइलमध्ये (अनेक फाइलींचं एकच गाठोडं) भरलं आणि तेव्हाच्या उबुंटू १४.०४ वर टर्मिनलमधूनच ओपनएसएसएल या कुलूपबंदीच्या प्रोग्रॅमने एईएस-२५६-सीबीसी ही पद्धत लावून पासवर्डने बंद केलं. पेनड्राइव्ह कपाटात. परवा वाटणीचा विषय निघाला म्हणून नव्या लॅपटॉपला लावला, उबुंटू २२.०४, तर ‘बॅड डिक्रिप्ट’.

पासवर्ड चुकत नाहीये. चार शब्दांचा आहे, त्यात आमच्या जुन्या म्हशीचं नाव आहे, ते घरात कुणी विसरणं शक्य नाही. कॅप्स लॉक बघून झालं. एररच्या आधी ‘डेप्रिकेटेड की डेरिव्हेशन’ अशी वॉर्निंग येते, म्हणजे पासवर्डवरून किल्ली बनवायची पद्धत जुनाट, त्याऐवजी पीबीकेडीएफ२ ही पद्धत वापरा म्हणते. तेही लावलं, फरक शून्य. फाइल उघडून बघितली तर सुरुवातीला ‘सॉल्टेड’ दिसतं, पुढे नुसता कचरा. गेली का हो फाइल?

प्रतिसाद
सॉल्टेड ही ओपनएसएसएलचीच खूण, ती दिसतेय म्हणजे फाइलचं तोंड तरी शाबूत आहे. आधी तिची कॉपी काढा, मग प्रयोग. पासवर्डवरून किल्ली तयार करताना जुनं ओपनएसएसएल एमडी५ हा हॅश (पासवर्ड घुसळून किल्ली काढणारं गणित) घ्यायचं, २०१६ च्या १.१.० पासून तिथे एसएचए-२५६ आलं. पासवर्ड तोच, किल्ली निराळी. आणि कोणता हॅश लावला होता हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. पीबीकेडीएफ२ काढा, तुमची फाइल त्याने बनलेलीच नाही. जुन्या कमांडला ‘-एमडी एमडी५’ जोडा.

धागाकर्ता
उघडली!! खरेदीखताच्या कोपऱ्यातला चहाचा डागसुद्धा दिसतोय. आता परत बंद कशाने करू?

प्रतिसाद
जीपीजी हा कुलूपबंदीचा दुसरा प्रोग्रॅम घ्या. ‘जीपीजी -सी’ आणि फाइलचं नाव, बस. हॅश, सॉल्ट (पासवर्डात मिसळलेली अटकळ न येणारी भर) सगळं फाइलच्या आतच नोंदवलं जातं, दहा वर्षांनी ही कटकट नको. मूळ फाइल मात्र तशीच राहते, ती तुम्हीच उडवायची. पण आधी उघडून बघा. लगेच बघाल तर पासवर्ड न विचारताच उघडेल, दचकू नका, जीपीजी-एजंट या मागे चालणाऱ्या त्याच्या मदतनीसाने तो थोडा वेळ लक्षात ठेवलेला असतो. ‘जीपीजीकॉन्फ --रीलोड जीपीजी-एजंट’ चालवा, म्हणजे तो पासवर्ड विसरेल, आणि मग तपासा.

आणि म्हैस चारचौघांत सांगून टाकलीत, तेव्हा पासवर्ड बदला.

धागाकर्ता
रीलोड केल्यावर विचारला, उघडली. यंदा म्हैस नाही. कोण आहे ते सांगत नाही.