शोधाची बातमी आणि तिची तपासणी: घरच्या ग्रुपवरची चर्चा

मामा: (फॉरवर्ड केलेला मेसेज) सूर्याची ऊर्जा पृथ्वीवर!! शास्त्रज्ञांनी घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर काढून दाखवली. आता जगाला वीज कायमची फुकट. सगळ्यांना पाठवा.

भाचा: मामाआजोबा, हे खरंच झालंय?

मी: झालंय, पण मेसेजमध्ये निम्मीच गोष्ट आहे. ५ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत धातूच्या एका छोट्या नळीत १९२ लेसर एकदम सोडले. नळीच्या आत हायड्रोजनच्या जड प्रकारांची इवलीशी गोळी होती. लेसरने आत नेलेली ऊर्जा २.०५ मेगाजूल आणि अणू एकमेकांत मिसळून बाहेर आलेली ३.१५ मेगाजूल. इथपर्यंत अगदी खरं. पण ते लेसर चालवायला विजेच्या तारांमधून साधारण ३०० मेगाजूल घ्यावे लागले. बिलावरचं एक युनिट म्हणजे ३.६ मेगाजूल. म्हणजे ऐंशीहून जास्त युनिटं खर्ची पडली आणि हाती आलं एक युनिटसुद्धा नाही.

मामा: मग ही फसवणूकच म्हणायची.

मी: नाही मामा, तसं नाही. तो ३०० चा आकडा त्यांनी लपवला नव्हता, पहिल्या दिवसापासून सांगितला होता. त्यांचा प्रश्न वेगळा होता: गोळीतलं इंधन स्वतःच्याच उष्णतेने पेट घेऊन जळत राहतं का? हा प्रश्न अनेक दशकं अडलेला होता आणि त्या पहाटे सुटला. वीजकेंद्राचा प्रश्न त्याच्या पुष्कळ पुढचा. फॉरवर्ड करणाऱ्याने एक आकडा ठेवला आणि एक गाळला.

मोठे काका: मला याच्याही मुळाशी जायचंय. दर आठवड्याला काहीतरी क्रांतिकारी शोध लागतो आणि महिन्याभराने तो नव्हताच म्हणून कळतं. मंगळावर जीव सापडले, मग नाही सापडले. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारे कण सापडले, मग नाही. ज्यांना स्वतःच्याच म्हणण्याची खात्री नाही त्यांच्यावर सामान्य माणसाने का विश्वास ठेवावा? मनापासून विचारतोय.

आत्या: दादा, प्रश्न चांगला आहे. मलाही उत्तर हवंय.

मी: काका, तुम्ही प्रकाशापेक्षा वेगवान कणांचं म्हणालात ना, तेच घेऊ. सप्टेंबर २०११. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणांवर संशोधन करणाऱ्या केंद्रातून न्यूट्रिनो नावाचे कण जमिनीतून सोडायचे आणि सुमारे ७३० किलोमीटरवर, इटलीतल्या ग्रान सासो पर्वताखालच्या प्रयोगशाळेत पकडायचे. ते प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचताना दिसले. ऑपेरा नावाच्या त्या गटाने काही महिने चूक शोधली. सापडली नाही तेव्हा जगापुढे सगळं मांडलं आणि सांगितलं, आम्हाला उमगत नाही, तुम्ही तपासा. पुढे २०१२ मध्ये त्यांच्याच लोकांना कळलं की घड्याळाकडे जाणारी एक प्रकाशीय तार नीट बसलेली नव्हती. ती घट्ट केली आणि वेळेचा खुलासा झाला. ‘मग नाही’ हे शब्द त्यांनी स्वतः उच्चारलेत काका. दुसऱ्या कुणी त्यांना उघडं पाडलं असं नाही.

मोठे काका: प्रामाणिक होते, मान्य. पण सगळेच असे असतील कशावरून?

मी: सगळे नसतात. म्हणून कुणाच्या चांगुलपणावर विसंबून राहायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था करावी लागते. मला विज्ञानातला सगळ्यात मोठा शोध कुठला वाटतो विचाराल तर मी हीच व्यवस्था सांगेन. सगळ्यात आवडतं उदाहरण सांगते, जरा लांबेल.

गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसवत जाणाऱ्या लहरी, पकडणारं लायगो. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा आणि त्यांत लेसर. अशी दोन यंत्रं, एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर. लहर आली की भुजांची लांबी बदलते, पण किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी. इतक्या सूक्ष्म मोजमापात मन हवं ते दाखवतं. म्हणून त्यांनी काय केलं पाहा. मोजक्या माणसांना परवानगी दिली की कुणालाही न सांगता यंत्रात खोटा संकेत घालायचा. १६ सप्टेंबर २०१० ला एक झकास संकेत आला. शेकडो लोकांनी सहा महिने त्यावर काम केलं. प्रसिद्ध करायचा शोधनिबंधही लिहून तयार केला. मार्च २०११ मध्ये सगळ्यांसमोर खरं उत्तर असलेलं बंद पाकीट उघडलं: संकेत मुद्दाम घातलेला होता.

भाचा: काय!! सहा महिने फुकट? रडले असतील सगळे.

मी: फुकट कुठे? खरा संकेत आला तर आपण तो पकडू शकतो, आणि पकडल्यावर घाई करत नाही, हे दोन्ही त्यातून सिद्ध झालं. मग १४ सप्टेंबर २०१५ ला खरा संकेत आला. आधी लुइझियानातल्या यंत्रात, मग ७ मिलिसेकंदांनी वॉशिंग्टन राज्यातल्या यंत्रात. पहिला प्रश्न काय विचारला गेला असेल? ‘हा कुणी घातलाय का?’ त्या वेळी खोटे संकेत घालायची सोय चालूच नव्हती, तरी त्यांनी सगळे मार्ग शोधून पाहिले. यंत्रात कुणी घुसलंय का हेही पाहिलं. जगाला सांगितलं ११ फेब्रुवारी २०१६ ला. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत विलीन झाली होती. तो पाच महिन्यांचा संयम मला त्या शोधाइतकाच मोठा वाटतो.

आत्या: अंगावर काटा आला. पाकिटाची गोष्ट माहीत नव्हती.

ताई: आमच्याकडे हेच रोज चालतं. नव्या औषधाच्या चाचणीत कुणाला औषध दिलं आणि कुणाला नुसती साखरेची गोळी, हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. बरं वाटावं अशी दोघांचीही इच्छा असते, आणि ती इच्छाच निकाल बिघडवते. शेवटी यादी उघडतात.

मामा: पण सगळीकडे हे जमत नसेल. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही अंधारात ठेवून ऑपरेशन कसं करणार?

ताई: बरोबर मामा, नाही जमत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरची जनुक-उपचार पद्धत घ्या, कॅसगेव्ही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजूर केली. रुग्णाच्या मूळ पेशी काढतात, क्रिस्पर नावाच्या जनुकीय कात्रीने एका जनुकाचा नियंत्रक भाग कापतात, म्हणजे जन्माआधी असतं ते हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. मग तीव्र केमोथेरपी देऊन जुना अस्थिमज्जा रिकामा करतात आणि बदललेल्या पेशी परत सोडतात. इथे कुणाला खोटं औषध देणार? म्हणून दुसरा मार्ग: आधीच लिहून ठेवायचं की यश कशाला म्हणायचं. ‘सलग निदान १२ महिने वेदनेचा तीव्र झटका नाही’ ही कसोटी. पुरेसा काळ पाहता आलेल्या ३१ पैकी २९ रुग्ण त्यात बसले. आणि या रुग्णांवर पुढे १५ वर्षं लक्ष ठेवायचंय, कारण कापणारी कात्री चुकीच्या जागी चालली असेल तर ते उशिरा कळू शकतं.

मोठे काका: निकाल लागण्याआधी कसोटी लिहून ठेवायची. हे मला पटलं. नंतर लिहिली तर कुठलाही निकाल यशच दिसेल.

मी: अगदी हेच काका! संगणकाच्या जगातही हीच युक्ती कामाला आली. प्रथिनाची साखळी कशी घडी घालते हे ओळखायचं कोडं पन्नास वर्षं छळत होतं. १९९४ पासून दर दोन वर्षांनी कॅस्प नावाची स्पर्धा होते. प्रयोगशाळेत ज्यांचा आकार नुकताच सापडलाय पण अजून जाहीर नाही अशी प्रथिनं स्पर्धकांना देतात. उत्तरपत्रिका पेटीत बंद, आणि पेपर तपासणारा वेगळा. २०२० मध्ये अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रॅमने तिथे असे आकार सांगितले की बरेचसे प्रयोगाच्या जवळपास जाऊन बसले. स्वतःच्याच जाहिरातीत सांगितलं असतं तर मी एका ओळीवरही विश्वास ठेवला नसता. २०२२ पर्यंत वीस कोटींहून जास्त प्रथिनांचे अंदाजित आकार सगळ्यांना खुले झाले, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये अल्फाफोल्ड घडवणारे डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना वाटा मिळाला, सोबत नवी प्रथिनं घडवणारे डेव्हिड बेकर.

भाचा: मावशी, खोलीच्या तापमानाला चालणारा सुपरकंडक्टर? आमच्या वर्गात सगळे व्हिडिओ बघत होते, दगडाचा तुकडा चुंबकावर अर्धवट तरंगत होता.

मी: एलके-९९. वीज अजिबात न अडवता वाहून नेणारा, म्हणजे अतिवाहक पदार्थ सापडल्याचा दावा, जुलै २०२३, दक्षिण कोरिया. व्हिडिओ खोटा नव्हता, अर्थ चुकीचा लावला होता. त्या पदार्थाची कृती सोपी होती, म्हणून चीन, भारत, अमेरिका, जर्मनी सगळीकडे लोकांनी भट्ट्या पेटवल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही करून पाहिला आणि अतिवाहकता दिसत नाही असं लिहिलं. मग कळलं की रोध एकदम घसरत होता तो आत भेसळ म्हणून राहिलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. साधारण १०४ अंशांवर त्याची रचनाच बदलते. जर्मनीत भेसळ नसलेला स्फटिक बनवला तर तो जांभळट, पारदर्शक निघाला, आणि वीज वाहून नेणं दूरच, तो चक्क विद्युतरोधक होता. सगळं जेमतेम काही आठवड्यांत.

आत्या: माझा विषय अंतराळ, म्हणून एक जोडते. बेन्नू लघुग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये १२१.६ ग्रॅम माती आणली. जानेवारी २०२५ मध्ये निकाल आले: आपली प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांची बनतात त्यांतली १४ तिच्यात आहेत, आणि डीएनए-आरएनएची ‘अक्षरं’ म्हणतात ती पाचही रसायनं (बेस). आता यातली गंमत ही की अशी रसायनं उल्कांमध्ये आधीही सापडली होती. पण उल्का पडते जमिनीवर, तिला आपल्या मातीचा, पावसाचा, हातांचा संसर्ग होतो. म्हणून इतक्या लांब यान पाठवून माती डबीत बंद केली आणि इथे नायट्रोजन भरलेल्या पेटीत उघडली. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप बराचसा ही शंका मिटवण्यासाठीच होता.

मामा: म्हणजे जीव तिथूनच आले?

आत्या: नाही हो, तेवढं त्यातून निघत नाही. अमिनो आम्लांची आरशातल्या प्रतिबिंबासारखी दोन रूपं असतात, डावं आणि उजवं, आणि त्या मातीत ती जवळपास सारख्याच प्रमाणात आहेत. सजीव आपल्या प्रथिनांत डावीच वापरतात. म्हणजे ही रसायनं जिवाशिवाय बनलेली. सामान मिळालं, घर बांधलेलं नाही.

मोठे काका: आणि त्या दूरच्या ग्रहावर जीव असल्याची बातमी? परवाच कुणीतरी पाठवली होती.

मी: के२-१८बी, १२४ प्रकाशवर्षांवर. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या गटाने जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून डायमेथिल सल्फाइडची खूण दिसते म्हटलं. आपल्याकडे हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जिवांपासून येतो. त्यांनीच खात्रीची पातळी ‘तीन सिग्मा’ सांगितली, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसायची शक्यता हजारात तीनच्या आसपास. भौतिकशास्त्रात शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात, पस्तीस लाखांत एक. इतरांनी तीच निरीक्षणं वेगळ्या रीतीने तपासली तर खूण आणखी पुसट झाली. शिवाय तोच वायू एका निर्जीव धूमकेतूवरही सापडलाय. मी या बातमीपुढे मनात प्रश्नचिन्ह ठेवलंय, फुली नाही.

मोठे काका: मग मंगळाचं काय? १९९६ ला मी स्वतः टीव्हीवर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना बोलताना पाहिलंय. अंटार्क्टिकात सापडलेल्या मंगळाच्या दगडात जिवाणूंचे अवशेष. तेव्हापासूनच माझा विश्वास उडाला.

मी: एएलएच ८४००१. त्यातली प्रत्येक खूण जिवाशिवायही बनू शकते हे नंतरच्या वर्षांत एकेक करून दाखवलं गेलं. पण काका, त्या फसलेल्या दाव्यामुळेच ‘जीव आहे’ म्हणण्याआधी काय काय दाखवावं लागेल याचा काटेकोर विचार सुरू झाला. आता नासाच्या शास्त्रज्ञांनी सात पायऱ्यांची मोजपट्टी सुचवलीय. खूण दिसणं ही पहिली पायरी, ती संसर्गाने आलेली नाही हे दुसरी, आणि वर जाताना जिवाशिवायची सगळी कारणं बाद करावी लागतात.

सप्टेंबर २०२५ ची बातमी याच पट्टीवर वाचा. मंगळावर फिरणाऱ्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरला जेझेरो विवरात एका खडकावर बिबट्यासारखे ठिपके दिसले. ठिपक्यांत लोहाची दोन खनिजं आहेत, व्हिव्हियानाइट आणि ग्रिगाइट. पृथ्वीवर चिखलातले सूक्ष्मजीव अशी खनिजं बनवतात. उष्णतेनेही अशा प्रक्रिया होऊ शकतात, पण खडक फार तापल्याच्या खुणा नाहीत. इतकं असूनही निबंधात शब्द काय वापरलाय? ‘संभाव्य’ जीवखूण.

मोठे काका: हे वेगळं आहे खरं. तेव्हा हा शब्द माझ्या कानावर आला नव्हता. मग पुढची पायरी कोण चढणार?

मी: त्या खडकाचा तुकडा रोव्हरने नळीत भरून जवळ ठेवलाय. पृथ्वीवर आणला तर गंधकाच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण मोजता येईल. सूक्ष्मजीव हलके अणू जास्त उचलतात, म्हणून तिथे ठसा राहतो. एवढं बारीक मोजमाप रोव्हरवरच्या उपकरणांच्या आवाक्यात नाही.

भाचा: मग आणायची कधी ती नळी?

आत्या: आणायची योजना खर्चावरून अडलीय रे. आधीचा अंदाज ११ अब्ज डॉलरपर्यंत गेला आणि नमुने यायला २०४० उजाडलं असतं. नासानेच २०२४ मध्ये म्हटलं की हे परवडणारं नाही, स्वस्त मार्ग शोधा.

भाचा: २०४० म्हणजे मी तिशीत असेन. मोजायला मीच जातो.

ताई: आधी समस्थानिकांचा धडा पूर्ण कर, परवा चाचणी आहे तुझी.

मोठे काका: आणि त्या सात पायऱ्या मला कुणीतरी मराठीत लिहून पाठवा, क्रमाने. १९९६ चा दगड कुठल्या पायरीवरून घसरला ते मला बघायचंय.

मी: रात्री पाठवते काका. माझ्या मते चौथ्या पायरीवरून, पण तुम्ही वाचून सांगा.