जोहारी खिडकी: ‘आंधळी’ चौकट भरत नाही, मदत हवी आहे

6 शिफ्ट सुपरवायझरांच्या कोचिंगसाठी जोहारी खिडकी (लुफ्ट-इंगहॅम, 1955; स्वभावातलं काय स्वतःला आणि काय इतरांना दिसतं, यावरून चार चौकटी) वापरतोय. 56 विशेषणांतून प्रत्येकजण स्वतःसाठी आणि इतर प्रत्येकासाठी 6 निवडतो. यादीच मुळात गोडगोड, त्यामुळे इतरांना दिसतं पण स्वतःला नाही त्या ‘आंधळ्या’ चौकटीत ‘मनमिळाऊ’ छापाचंच येतं. निनावी चिठ्ठ्यांवर अक्षर ओळखू येतं. नकारात्मक यादी नको, माणसं लगेच खुलासे द्यायला लागतात. मग ‘हँडओव्हरला (शिफ्ट सोपवताना) बोलणं मध्येच तोडतो’ अशी दिसणारी वागणूक छापून 5 पर्यायांवर खूण करायला सांगितली. हे बरं, पण सगळे मधलाच निवडतात. अप्रेझल माझ्याकडे नाही. बाहेरचा कोच परवडणार नाही. वेळ महिन्याला 45 मिनिटं.

मधला पर्याय काढून 4 ठेवावेत, की प्रत्येकाबद्दल एक ‘जास्त करावं’ आणि एक ‘कमी करावं’ निवडणं सक्तीचं करावं? एवढ्या लहान गटात काय टिकतं?