नाशिकमध्ये न्यूरोडायव्हर्सिटी (प्रत्येकाच्या मेंदूची घडण वेगळी असणं) समजणारा थेरपिस्ट कसा निवडावा? (जोडपं + सासूबाई)

गोदाकाठ: नवरा ऑटिस्टिक, निदान पस्तिशीत झालेलं. बायकोला एडीएचडी (लक्ष टिकवणं, कामं आठवणीने पूर्ण करणं अवघड जातं). घरात सासूबाई. इंदिरानगर, कॉलेज रोड किंवा ऑनलाइन चालेल. "बदलून देऊ" म्हणणारे नकोत. फोनवर नेमकं काय विचारायचं?

पाटी_पेन्सिल: "न्यूरो-अफर्मिंग" (म्हणजे हे वेगळेपण दोष न मानणारे) हे बोर्डावर कुणीही लिहू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, परिषदेच्या साइटवर ताडून बघा. मग तीन प्रश्न. मोठे ऑटिस्टिक लोक येतात का, की फक्त मुलं? उद्दिष्ट कोण ठरवतं? नजर मिळवायला लावता का? शेवटच्याला "हो, हळूहळू सवय लावतो" आलं, की धन्यवाद म्हणून फोन ठेवा.

जोडप्यांना "एकमेकांकडे बघून, ऐकलेलं परत सांगा" हा व्यायाम हमखास देतात. इथे तो फसतो. बऱ्याच ऑटिस्टिक लोकांचं लक्ष नजर सांभाळण्यातच जातं, ऐकायचं राहून जातं. शेजारी बसून, कागदावर लिहून तोच व्यायाम जमतो.

मळेवाला: अगदी. आणि सगळं नवऱ्याच्याच खात्यावर जातंय का, ते बघा. संशोधक डेमियन मिल्टन (स्वतः ऑटिस्टिक) यांनी २०१२ मध्येच मांडलंय की न समजणं दोन्हीकडून असतं. थेरपिस्टच्या गावी हे नसेल तर नवऱ्याचा गृहपाठ वाढत जातो आणि बाकीचे परीक्षक होतात.

आधी एक भेट एकत्र, मग प्रत्येकी एक वेगळी, मग पुन्हा एकत्र. मुद्दे आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर, तीनच. ५० मिनिटांत मध्ये ५ मिनिटं सुट्टी. ट्यूबलाइट बंद करता येईल का, हेही विचारा, संकोच नको. संध्याकाळी द्वारका चौकातून आलेल्या माणसाच्या कानात बराच वेळ हॉर्नच वाजत असतात, त्यामुळे सकाळची वेळ बरी.

गोदाकाठ: सासूबाईंना कधी न्यायचं? त्या म्हणतात, "तो अबोला धरतो."

पाटी_पेन्सिल: चौथ्या-पाचव्या भेटीला, आणि नेमकं याच शब्दासाठी. अबोला माणूस ठरवून धरतो. शटडाउनमध्ये (ताण असह्य होऊन माणूस जणू बंद पडतो तेव्हा) तोंडातून शब्दच फुटत नाहीत, आणि समोरून "बोल ना, काय झालं?" चालू राहिलं की शटडाउन लांबतो. खूण ठरवा: फ्रिजवर लाल चुंबक लावलं, की अर्धा तास कुणी काही विचारायचं नाही. परत कधी बोलायचं ती वेळ शेजारच्या चिठ्ठीवर हवीच. नाहीतर त्या अर्ध्या तासात बायकोला टाकून दिल्यासारखं वाटतं.

घरातली कामंही नेमकी सांगा. "कधीतरी सिलिंडरचं बघ" हे नवरा-बायको दोघांनाही कळत नाही. "गुरुवारी रात्री ९ च्या आत बुक कर" कळतं.

मळेवाला: गणपतीचंही आत्ताच ठरवा. नाशिक ढोलासमोर किती मिनिटं थांबायचं, सोबत कोण निघणार, इअरप्लग कुणाच्या खिशात.

एक मात्र पक्कं. मारहाण, धमक्या असतील तर जोडप्याची थेरपी नको, वेगवेगळे भेटा. निदान झालंय, ही त्याला सबब नाही. एडीएचडीच्या गोळ्या मानसोपचारतज्ज्ञांकडूनच घ्या. रात्री-अपरात्री टेलिमानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर मराठीत बोलता येतं.