ऑब्सिडियन आणि बाटलीची काच टंबलरमधून पांढरीफटक निघतेय, काय चुकतंय?

पांझराकाठी (धुळे)
नमस्कार मंडळी. दगड घासायचा नाद लागून मला वर्ष होत आलं. टंबलर (दगड फिरवून घासायचा डबा) घरीच बनवलाय, चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्हीकडे एंड कॅप, आतून सायकलची ट्यूब चिकटवलेली आणि खाली जुन्या कूलरची मोटर. पांझरेतल्या गारगोट्या आणि अकीक यात बऱ्यापैकी झाले, अगदी आरसा नाही पण ओले असल्यासारखे तरी दिसतात. त्यामुळे हुरूप आला आणि ऑनलाइन अर्धा किलो काळं ऑब्सिडियन (लाव्ह्याची नैसर्गिक काच) मागवलं. ते फोडून, सोबत हिरव्या-तपकिरी बाटल्यांचे बुडाचे तुकडे, आणि डबा अर्धाच भरत होता म्हणून मूठभर अकीक पण टाकले. पावडर संपली होती म्हणून स्पेअर पार्टच्या दुकानातून इंजिनच्या वाल्वला लावतात ती ग्राइंडिंग पेस्ट आणली. दहा दिवस चालवलं. उघडलं तर काच सगळी पांढरी, कडा खाल्लेल्या, आणि ऑब्सिडियनवर नखाएवढ्या अर्धचंद्रासारख्या चिरा. ती पेस्ट तर अजून निघत नाहीये, तेलकट थर बसलाय. आई म्हणते रात्रभर घरघर ऐकायची आणि शेवटी हे? कोणी काचेवर काम केलंय का?

तापीचा गाळ (भुसावळ)
दादा, एका डब्यात तीन चुका केल्यात, पण वाईट वाटून घेऊ नका, मी चारही केल्या होत्या.

काच आणि ऑब्सिडियनचा कठीणपणा मोजपट्टीवर 5 ते 5.5 च्या आसपास, अकीकचा 6.5-7. म्हणजे अकीक फिरता फिरता काचेला ठोकत बसतो, स्वतः काही घासला जात नाही. पण खरं दुखणं घासण्याचं नाहीच, आपटण्याचं आहे. ऑब्सिडियन म्हणजे काचच, आत स्फटिक वगैरे काही नाही, त्यामुळे ठोका बसला की शिंपल्यासारखी चकती निघते, ते तुमचे अर्धचंद्र. आणि डबा अर्धा ठेवलात की दगड घसरत नाहीत, वरून धबाधब पडतात. दोनतृतीयांश ते पाऊण भरलाच पाहिजे, अकीकाने नाही, गादीने, म्हणजे ठोका झेलणाऱ्या भरावाने. पाणी वरच्या थराच्या किंचित खाली.

गादीला मी प्लास्टिकचा दाणा वापरतो. जळगावला चटईवाल्यांकडे गेलात तर पोत्यातून मूठभर दिलाच, फार तर चहा पाजा. नसेल मिळत तर चिनीमातीचे छोटे तुकडे पण चालतात. दाणा तरंगतो असं वाटेल, पण पावडर मिसळून गाळ दाट झाला की बसतो त्यात.

वाल्व पेस्ट नका हो वापरू. त्यात पावडर ग्रीसमध्ये कालवलेली असते, पाण्यात सुटी होत नाही. भांडी घासायची साबण, गरम पाणी आणि जुना टूथब्रश, दोन दिवस जातील. पुढच्या वेळी सुटी सिलिकॉन कार्बाइड पावडर घ्या, हार्डवेअरवाल्याला कार्बोरंडम म्हटलं की कळतं.

कूलर मोटर (चोपडा)
मोटरचा वेग कुणीच विचारला नाही. पुली किती इंची आहेत?

पांझराकाठी (धुळे)
मोटरवर 2 इंची, खाली 6 इंची, शाफ्ट 20 मिमीचा. मोटरवर 1400 लिहिलंय.

कूलर मोटर (चोपडा)
मग तुमची काच मारली कोणी ते कळलं. 1400 ला तीनने भागा, शाफ्ट 467 फेरे फिरतोय, त्यावर 110 मिमीचा डबा म्हणजे मिनिटाला 85 फेरे. या मापाच्या डब्यात सव्वाशेच्या पुढे गेलं की दगड भिंतीला चिकटूनच फिरतात आणि त्याच्या निम्म्या वेगाला ते बरे घसरतात. काचेसाठी मी 50 च्या वर जात नाही. खाली 10 इंची पुली लावा, शाफ्ट 280 होईल आणि डबा साधारण 51. नवी पुली घेण्यापेक्षा भंगारात बघा, जुन्या गिरणीची मिळून जाते. अजून एक, ही मोटर कूलरमध्ये हवेत चालते, तुम्ही तिला खोक्यात बंद केली असेल तर मे महिन्यात जळेल, आमची जळली होती.

खेटरबाज (अमळनेर)
भो, दगड शे तो, भाजी नही शे, दहा दिवसमा शिजाले. धीर धर.

बाकी खरं सांगू का, विकतचं ऑब्सिडियन कशाला, आपल्याकडे दगडांची काय कमी? विहीर खणली की जळगावकडे झिओलाइटचे स्फटिक निघतात, ते टाका की फुकट.

निवृत्त मास्तर
झिओलाइट टंबलरमध्ये अजिबात टाकू नका, पाप लागेल! ते अकीकपेक्षा फार मऊ, काही तर ठराविक पदरावर पट्कन फाटतात, दोन दिवसांत पीठ. जळगावच्या स्टिल्बाइटचे आणि अपोफिलाइटचे स्फटिक जगभर संग्रहात ठेवतात, तुम्ही ते भरडायला निघालात.

आणि आपल्याकडे ऑब्सिडियन का मिळत नाही तेही सांगतो, शाळेत सांगायचो ते इथे फुकट. आपला काळा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, पण त्यात सिलिका साधारण निम्माच, म्हणून तो पातळ होऊन लांबवर पसरला. ऑब्सिडियनला 70 टक्क्यांच्या वर सिलिका असलेला घट्ट लाव्हा लागतो आणि तोही झटकन थंड झालेला. त्यामुळे कोणी नदीत काळी चकचकीत काच सापडली म्हणून आणून दाखवली तर मी आधी विचारतो, जवळ भट्टी होती का. पांझराकाठींनी पण आपला माल तपासावा. पातळ कड दिव्यासमोर धरा, खरं ऑब्सिडियन बहुतेकदा धुरकट तपकिरी दिसतं. आत गोल गोल बुडबुडे दिसले किंवा रंग भडक निळा असला तर कारखान्यातली काच समजा. तशी घासायला तीही काही वाईट नाही म्हणा.

काचेची ताई (जळगाव)
मी बाटलीच्या काचेचे कानातले करते, तीन वर्षं झाली. मास्तरांचं बरोबर पण काचेचं वेगळं गणित आहे. आधी ठरवा, समुद्रात झिजल्यासारखी धुरकट हवी की चमक. धुरकट हवी असेल तर 220 नंबरच्या पावडरनंतर (नंबर मोठा तितकी पावडर बारीक) थांबायचं, मला तीच आवडते. चमक हवी तर 500, मग त्याहून बारीक, शेवटी सिरियम ऑक्साइड. फिकट गुलाबी पावडर असते, काच पॉलिश करणाऱ्यांकडे मिळते, काचेवर तीच नीट लागते. प्रत्येक टप्प्याला आठवडा धरा आणि मधे डबा, दगड, दाणा सगळं इतकं धुवा की कंटाळा आला पाहिजे, जाड पावडरचा एक कण राहिला की पुढच्या आठवड्याची मेहनत गेली. मी पॉलिशला डबाच वेगळा ठेवलाय.

साखर टाकून गाळ दाट करायचा सल्ला कुठेही मिळेल. थंडीत ठीक, पण आपल्याकडच्या उन्हात आंबतं ते. माझ्या डब्याचं झाकण मे महिन्यात फाट्कन उडालं आणि करडा चिखल थेट गॅलरीतल्या धुतलेल्या चादरींवर. साखर टाका नका टाकू, रोज एकदा झाकण उघडून हवा सोडा.

बाटलीचं बूड आणि मान एकत्र नको, जाडी सारखी घ्या. गाडीच्या काचा तर नकोच. तोडताना गोणपाटात गुंडाळून, डोळ्याला चष्मा. ऑब्सिडियनची कपची ब्लेडपेक्षा वाईट कापते.

तापीचा गाळ (भुसावळ)
आणि तो चिखल मोरीत ओतू नका, पाइपमध्ये सिमेंटसारखा बसतो. बांधावर खड्डा करून टाका. काही कोरडं घासायचं नाही, पावडर सुद्धा हवेत उडवायची नाही. खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांना सिलिकाच्या धुळीने फुप्फुसाचा आजार होतो, हे गमतीत घेऊ नका, पाणी असेल तर ती धूळ उडत नाही.

पांझराकाठी (धुळे)
तीन आठवड्यांनी परत आलो. 10 इंची पुली लावली, आवाज इतका कमी झाला की आईने रात्री उठून बघितलं बंद पडलं का. अकीक बाहेर, दाणा आत. दिव्यासमोर धरलं तर सगळे धुरकट, म्हणजे निदान फसलो नाही. सगळ्यात चिरलेले सहा तुकडे बाजूला काढले, बाकीचे 220 ला पाच दिवस, मग धुवून 500 ला आठवडा. नवीन चीर एकही नाही, एका तुकड्याची कड किंचित गेली, तो मीच मोरीत पाडला होता. आता सिरियम आणायचं. एकच शंका, 500 वाला दाणाच धुवून पॉलिशला वापरू का?

काचेची ताई (जळगाव)
नाही, नवा. दाण्याच्या खाचांत पावडर अडकते, धुतला तरी निघत नाही. जुन्यावर मार्करने 500 लिहून डब्यात ठेवा, पुढच्या खेपेला होतो. आणि ते चिरलेले सहा फेकू नका, परत 80 वरून सुरू केलेत तर चीर झिजून जाते, फक्त दगड लहान होतो.